गच्ची, कॅलेंडर आणि एक वीत: नाशिकमध्ये राहून आकाश ओळखायला शिकताना

संकष्टीच्या रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास आमच्या गच्चीवर वर्दळ असते. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात निरांजन, सगळ्यांची तोंडं पूर्वेला. इमारतींमागून चंद्र वर आला की अर्घ्य, नमस्कार, आणि पाच मिनिटांत गच्ची पुन्हा रिकामी. मी मात्र थांबते. एका संकष्टीला शेजारच्या आजीही थांबल्या आणि मी त्यांच्या हातात बायनॉक्युलर दिलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, हा तर लाडवासारखा गोल आहे. मला आपली ताटलीच वाटायची." त्या दिवसापासून त्या दर संकष्टीला माझ्या आधी गच्चीवर असतात.

नाशिकमध्ये राहून तारे बघता येत नाहीत, त्यासाठी लांब रानात जावं लागतं आणि महागडी दुर्बीण लागते, असं मला सतत ऐकायला मिळतं. शहराच्या उजेडात मंद तारे बुडतात, हे खरं आहे. पण चंद्र, ग्रह आणि ठळक तारे तसेच राहतात, आणि नवशिक्याला याचा फायदाच होतो. हरसूलकडच्या काळोख्या माळावर पहिल्यांदा गेलेला माणूस इतके तारे बघून गोंधळतो की त्याला ओळखीचं मृग नक्षत्रही सापडत नाही. गच्चीवर मोजकेच तारे दिसतात आणि त्यातल्या बहुतेकांना मराठीत नाव आहे. ओळख करून घ्यायला हीच जागा बरी.

पहिली पायरी: गच्चीवर एक जागा धरा

रोज वेगळ्या ठिकाणी उभं राहू नका. एकच कोपरा ठरवा, म्हणजे समोरची टाकी, टॉवर, नारळाचं झाड हे तुमच्या खुणा होतात. "परवा रोहिणी टाकीच्या बरोबर वर होती, आज थोडी पश्चिमेला सरकली" हे तुमच्या लक्षात येईल. तारा रोज साधारण चार मिनिटं लवकर उगवतो, हे पुस्तकातलं वाक्य मला तसंच कळलं.

सोसायटीत आधी अध्यक्षांशी बोलून ठेवा. रात्री कुणीतरी गच्चीवर बसलंय म्हटल्यावर लोक घाबरतात. जिन्याच्या तोंडाशी असलेला बल्ब तेवढा वेळ बंद करता येतो का, तेही विचारा. शेजारच्या इमारतीचा एलईडी थेट डोळ्यांत येत असेल तर कपडे वाळत घालायच्या दोरीवर जुनी चादर टाका. आकाशातला उजेड चादरीने कमी होत नाही, पण डोळ्यांवर येणारा झोत थांबतो आणि त्यानेच निम्मं काम होतं.

अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. या वेळात मोबाइल उघडलात की सगळी मेहनत वाया. लाल उजेडाने मात्र हा सराव फारसा मोडत नाही. मी संक्रांतीचा पतंगाचा लाल कागद उरला की जपून ठेवते. तीन घड्या करून टॉर्चच्या तोंडावर रबर बँडने बसवला की वही वाचण्यापुरता मंद तांबडा उजेड मिळतो. एकाच घडीतून फार उजेड येतो, तीनच लागतात.

एप्रिल-मे महिन्यांत स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो. त्या तापलेल्या हवेतून बघितलं की ग्रहाची कड पाण्यात पडल्यासारखी लुकलुकते. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून तर बघूच नका. उन्हाळ्यात उशिरा बसा, हिवाळ्यात लवकर.

आणि कठड्यापासून दोन हात लांब. मान वर करून मागे सरकताना भान राहत नाही.

दुसरी पायरी: हाताने मोजा

आकाशातली अंतरं अंशांत मोजतात आणि त्याचं माप तुमच्या हातात आहे. समोर हात पूर्ण ताठ करा. करंगळीची जाडी साधारण १ अंश, आवळलेली मूठ १० अंश, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणलेली वीत सुमारे २० अंश. पहिला प्रयोग चंद्रावर करा. उगवता चंद्र केवढा मोठा वाटतो! पण ताठ हाताच्या करंगळीमागे तो अख्खा झाकला जातो, कारण त्याची रुंदी अर्धा अंशच आहे. घरातल्या सगळ्यांना हे करायला लावा, पैज जिंकाल.

आता ध्रुव. ज्या गावाचा अक्षांश जेवढा, तेवढाच ध्रुव तिथल्या उत्तर क्षितिजापासून वर. नाशिकचा अक्षांश जवळजवळ बरोबर २० अंश. म्हणजे आपल्या गावात ध्रुवतारा क्षितिजापासून एक वीत वर. उत्तरेला तोंड करा, वितीचं खालचं टोक क्षितिजावर ठेवा, वरच्या टोकाशी जो एकटा, मध्यम ठळक तारा आहे तो ध्रुव. तो सगळ्यांत तेजस्वी असतो हा गैरसमज आहे. आकाशात त्याच्याहून ठळक तारे चाळीसहून अधिक आहेत. उत्तरेला शेजारीच उंच इमारत असेल तर तो दिसणार नाही, मग गच्चीचा दुसरा कोपरा शोधा.

एकदा ध्रुव सापडला की मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका. लोखंडी टाकी आणि स्लॅबमधल्या सळ्यांजवळ ते चुकतं, आणि मग आकाशाचं ॲपही चुकीच्या दिशेचे तारे दाखवतं. स्टेलेरियमसारखं ॲप चांगलंच आहे, पण ते घरात बसून आधी बघा आणि गच्चीवर वहीतला कागद न्या.

तिसरी पायरी: स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उघडा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी घरात हा खजिना भिंतीवर टांगलेला असतो आणि आपण त्यावर दुधाचा हिशेब लिहितो.

आधी तिथी. चंद्र सूर्यापासून दर १२ अंश पुढे गेला की एक तिथी. त्यामुळे तिथी वाचली की चंद्र कुठे आणि केवढा असेल ते कळतं. शुद्ध अष्टमीला अर्धा चंद्र सूर्यास्ताच्या वेळी जवळपास डोक्यावर. पौर्णिमेला सूर्य मावळताना चंद्र पूर्वेला उगवतो. पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर, म्हणून संकष्टीला नऊ-साडेनऊची वाट बघावी लागते.

चंद्र बघायला उत्तम दिवस कोणते? शुद्ध पंचमी ते दशमी. उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेवर सूर्यप्रकाश तिरका पडतो, डोंगरांच्या सावल्या लांब होतात, विवरं खोल दिसतात. कोजागरीच्या चंद्रावर सावल्याच नसतात, त्यामुळे तो दुधात बघायला सुंदर आणि बायनॉक्युलरमधून सपाट. त्या रात्री फक्त दक्षिणेकडच्या टायको विवरातून निघालेल्या पांढऱ्या रेघा बघा, त्या पौर्णिमेलाच खुलतात. तारकागुच्छ वगैरे मंद गोष्टी अमावास्येच्या आगेमागे.

आता नक्षत्र. कॅलेंडरात प्रत्येक तारखेखाली जे नक्षत्र छापलेलं असतं ते चंद्राचं. चंद्र साधारण २७ दिवसांत आकाशाची फेरी पुरी करतो आणि रोज एका नक्षत्राच्या भागात मुक्काम करतो. मग असं करा: ज्या रात्री 'रोहिणी' लिहिलंय त्या रात्री चंद्राशेजारी तांबूस ठळक तारा शोधा, ती रोहिणी. 'मघा' असेल तेव्हा मघा, 'चित्रा' असेल तेव्हा चित्रा. चंद्र बोट धरून एकेका ताऱ्यापाशी नेतो. दुसऱ्या रात्री तो पुढे गेलेला असतो, तारा मात्र तिथेच. एक सावधगिरी: स्वाती आणि श्रवण हे तारे चंद्राच्या वाटेपासून बरेच उत्तरेला आहेत, तिथे ही युक्ती चालत नाही.

महिन्यांची नावंही अशीच आली आहेत. चैत्रातल्या पौर्णिमेचा चंद्र चित्राजवळ, कार्तिकातला कृत्तिकांजवळ, माघातला मघाजवळ. वर्षभर प्रत्येक पौर्णिमेला एवढंच तपासलंत तरी पुष्कळ आकाश हाताशी येतं.

आणि मृग. "मृग लागला" म्हणजे ७-८ जूनला पाऊस, हे निफाड-दिंडोरीकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला पाठ असतं. म्हणून मी लहानपणी जूनमध्ये मृगाच्या चांदण्या शोधायचे आणि त्या कधीच सापडायच्या नाहीत. त्याचं कारण फार वर्षांनी कळलं. पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात. मृग लागला म्हणजे सूर्य त्या भागात आला, म्हणजे त्या तारका दिवसभर सूर्याबरोबर वर आणि रात्री त्याच्याबरोबर क्षितिजाखाली. मृग बघायचा तर सहा महिने थांबून डिसेंबरात. कॅलेंडरात छापलेल्या नक्षत्राला "कुणाचं, चंद्राचं की सूर्याचं?" हा प्रश्न विचारायची सवय लावा. भविष्य सांगणं हा वेगळा विषय, त्याच्याशी आपलं काम नाही. आपल्याला फक्त जागा आणि वेळ हवी आहे, आणि ती पंचांगात छान मिळते.

चौथी पायरी: एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून सुरुवात करणं सोपं. दिवाळीचा आठवडा धुराचा, तो सोडून द्या. कडाक्याच्या थंडीत निफाड-पिंपळगावकडे द्राक्षबागा वाचवायला शेकोट्या करतात, त्या पहाटे पूर्व क्षितिज धुरकट असतं. पावसाळ्यात मात्र एखादी उघडीप मिळाली तर सोडू नका. धुतलेल्या हवेतून जे आकाश दिसतं तसं जानेवारीतही दिसत नाही.

हिवाळ्यात मृगापासून निघा. एका ओळीतले तीन तारे म्हणजे मृगाच्या पोटात रुतलेला बाण. ती रेघ खाली आग्नेयेकडे वाढवली की व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. वर वायव्येकडे नेली की रोहिणी, आणखी पुढे कृत्तिकांचा झुबका. कृत्तिकांमधल्या किती चांदण्या दिसल्या ते मोजून ठेवा, तो तुमच्या आकाशाचा निकाल.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री साडेनऊला दक्षिणेकडे वळा. क्षितिजापासून वीतभरापेक्षा थोडा कमी, १७ अंशांवर, एक पांढराशुभ्र तारा एकटाच उभा असतो. तो अगस्त्य, तेजात व्याधानंतर दुसरा. दिल्लीहून तो जेमतेम ८-९ अंश वर येतो, आपल्याला त्याच्या दुप्पट. दक्षिणेकडचं आकाश ही आपली चैन आहे. मेच्या मध्यावर रात्री नऊला अगदी दक्षिणेला, मुठीएवढ्या उंचीवर त्रिशंकूचे चार तारे उभे असतात आणि त्यांच्या डावीकडे थोड्या वेळाने मित्र तारा येतो, जो उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांत सूर्यानंतर आपल्याला सगळ्यांत जवळचा. शहरातून हे धुरकटपणात हरवतात. दक्षिण मोकळी असलेली टेकडी मिळाली तरच आशा.

एप्रिल-मेमध्ये उत्तरेला सप्तर्षी. क्रतू आणि पुलह म्हणजे चौकोनातले शेपटीपासून सर्वांत लांबचे दोन तारे. पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढून त्यांच्यातल्या अंतराच्या पाचपट पुढे गेलं की ध्रुव. शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की केशरी स्वाती, आणखी पुढे निळसर पांढरी चित्रा. सप्तर्षींमधला अत्री सर्वांत मंद, ३.३ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तेवढा तारा मंद). तो दिसत असेल तर आज आकाश बरं आहे म्हणायचं. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून बारीकशी अरुंधती. लग्नात दाखवतात तीच, पण लग्न दिवसा असतं आणि बोट कुठेतरी दाखवलं जातं. गच्चीवर स्वतः बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी आपल्या गावातून पूर्ण मावळलेले असतात, तेव्हा ध्रुव शोधायला शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी 'एम' उपयोगी पडतो.

अवकाश स्थानकही गच्चीवरून सहज दिसतं. साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जाणारा, न लुकलुकणारा ठळक ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. नासाच्या संकेतस्थळावर त्याची वेळ मिळते. मुलांना पहिल्यांदा हेच दाखवा.

पाचवी पायरी: बायनॉक्युलर

दोन-तीन महिने डोळ्यांनी फिरून झालं की मग बायनॉक्युलर घ्या, दुर्बीण नको. ७×५० किंवा १०×५०. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. यापेक्षा जास्त पटीचं हातात स्थिर राहत नाही. झूमवालं तर घेऊच नका.

स्थिर धरणं हेच खरं कौशल्य. चटईवर उताणं पडा आणि कोपरं छातीला टेकवा. किंवा प्लॅस्टिकची खुर्ची उलटी फिरवून तिच्या पाठीवर कोपरं ठेवा. गुरूचे चार चंद्र मला पहिल्यांदा पाण्याच्या टाकीच्या कडेवर बायनॉक्युलर टेकवल्यावर दिसले. हातात धरून महिनाभर नुसती थरथरती रेघ दिसत होती.

शहरातून बायनॉक्युलर काय देतं याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण म्हणजे पुष्य. सत्तावीस नक्षत्रांतलं हे नाव सगळ्यांना माहीत, पण गंगापूर रोड किंवा सिडकोतून उघड्या डोळ्यांना तिथे काहीही दिसत नाही. पुनर्वसू आणि मघा यांच्या मधोमध बायनॉक्युलर रोखलं की रिकाम्या जागेतून एकदम डझनावारी बारीक तारे वर येतात, सांडलेल्या खसखशीसारखे. मृगाच्या बाणाखाली धुरकट ठिपका दिसतो, तो सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, तिथे नवे तारे जन्माला येत आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शर्मिष्ठेजवळ देवयानीची दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, शोधा. शहरातून ती लांबट पुसट डागाएवढीच दिसते. पण तो उजेड तिथून निघाला त्याला २५ लाख वर्षं झाली.

पावसाळ्यात नाशिकच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून बायनॉक्युलर ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की बदला. भिंग शर्टाने पुसू नका.

बायनॉक्युलर किंवा दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नका. एक क्षण पुरतो, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. २ ऑगस्ट २०२७ ला भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण आहे. ढगांनी वाट दिली तर ते ग्रहणाच्या प्रमाणित चष्म्यातून बघा, एक्स-रेच्या फिल्ममधून नाही. सूर्याचा बिनधोक खेळ हवा असेल तर २० मेच्या आसपास दुपारी साडेबाराला गच्चीवर एक बाटली सरळ उभी ठेवा. सूर्य नाशिकच्या बरोबर डोक्यावर असतो आणि सावली बाटलीच्या बुडाखाली नाहीशी होते. हाच दिवस जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा येतो, पण तेव्हा ढग.

सहावी पायरी: दुर्बीण घ्यायचीच असेल तर

माझी पहिली दुर्बीण ६० मिलिमीटरची होती, खोक्यावर '५२५ पट' असं मोठ्या अक्षरांत. तिपाई इतकी हलकी की श्वास घेतला तरी चंद्र निसटायचा. सहा महिने मला वाटत राहिलं की मलाच जमत नाही. तो काळ मला अजून सलतो, म्हणून हे स्पष्ट सांगते: खोक्यावरची पट बघू नका. व्यास मिलिमीटरमध्ये जेवढा, त्याच्या दुप्पट हीच उपयोगी पटीची मर्यादा. ६० मिलिमीटरला १२०, त्यापुढे फक्त मोठा धूसर डाग.

पट काढायचा हिशेब सोपा आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंग किंवा आरशापासून चित्र जिथे जुळतं तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागा. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला २५ चं आयपीस लावलं की ४८ पट, १० चं लावलं की १२०.

माझं मत विचाराल तर सहा इंची डॉब्सोनियन. आरसा, नळी आणि खाली फिरणारी लाकडी बैठक, मोटर नाही, तिपाई नाही. जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवण्यासाठी अशाच साध्या दुर्बिणी बनवल्या. शहरातल्या माणसाचीच ही दुर्बीण आहे. विकत घेण्याआधी लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का ते बघा. शेवटचा जिना पायी असेल तर ती दोन खेपांत न्यावी लागते. नेल्यावर अर्धा तास बाहेर निवू द्या, आरसा कोमट असेपर्यंत चित्र बसत नाही.

आधी शनी बघा. २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला कडेवरून दिसत होती, जवळजवळ रेघच. आता ती दरवर्षी थोडी थोडी उघडत जातील आणि २०३२ च्या सुमारास सगळ्यांत रुंद दिसतील. या काही वर्षांत पाऊस संपता संपता शनी संध्याकाळी पूर्वेला वर येतो. म्हणजे आज सुरुवात करणाऱ्याला दर हिवाळ्यात आधीपेक्षा उघडी कडी बघायला मिळणार आहेत, हे नशीब मोठं आहे. दुर्बिणीत वसिष्ठही एक नसतो, दोन निघतो, आणि जोडतारे शहराच्या उजेडातही तसेच स्वच्छ दिसतात.

सातवी पायरी: वही

तारीख, वेळ, तिथी, हवा कशी, काय दिसलं. एवढंच. पण त्याच रात्री, उद्या नाही.

माझ्या वहीतलं एक पान सांगते. मध्ये छोटं वर्तुळ, गुरू. पहिल्या रात्री डावीकडे एक ठिपका, उजवीकडे तीन. दुसऱ्या रात्री दोन-दोन. तिसऱ्या रात्री ठिपके तीनच. चौथ्या रात्री पुन्हा चार, पण एक गुरूला इतका खेटून की पेन्सिलचं टोक लागून तो वर्तुळातच गेला. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने हेच केलं आणि हे ठिपके गुरूभोवती फिरतात हे त्याला उमगलं. सगळ्यांत आतला आयो ४२ तासांत फेरी मारतो, म्हणून एका रात्रीत, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी, दोनदा बघितलं तरी सरकलेला कळतो.

वहीने विज्ञानालाही हातभार लागतो. २०१९ च्या शेवटी मृगातली तांबडी काक्षी मंद होऊ लागली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती रोहिणीपेक्षाही फिकी झाली. ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या धुळीने तिला झाकलं होतं. हा बदल जगभरच्या हौशी लोकांनी उघड्या डोळ्यांनी टिपला, शहरातूनसुद्धा, कारण दोन्ही तारे ठळक आहेत. आताच्या बांगलादेशातल्या जेसोरचे राधा गोविंद चंद्र सरकारी खजिन्यात नोकरी करायचे आणि तीन इंची दुर्बिणीने सुरुवात करून बदलत्या ताऱ्यांची ३७ हजारांहून जास्त निरीक्षणं त्यांनी नोंदवली. नोकरी सांभाळून.

आठवी पायरी: शहराबाहेर एक रात्र

वर्षात तीन-चार रात्री पुरेत, अमावास्येच्या जवळच्या शनिवारी. शहराचा उजेड पाठीमागे टाकायचा तर त्र्यंबक, हरसूल किंवा पेठच्या बाजूला जा. ओळखीच्या कुणाचं शेत असेल तर सगळ्यांत उत्तम, परवानगी आधी घ्या. वनखात्याच्या हद्दीत आणि गडावर रात्री थांबू नका. गोदाकाठच्या आणि दारणेकाठच्या उसाजवळ बिबट्याचा वावर असतो, तिथे चटई टाकायची नाही. एकटं जायचं नाही, घरी जागा सांगून जायचं, गाडीचे दिवे बंद ठेवायचे. हिरवा लेझर ताऱ्याकडे रोखायची फॅशन आहे, पण ओझरला विमानं उतरतात. वैमानिकाचे डोळे दिपले तर काय होईल याचा विचार करा आणि लेझर घरी ठेवा.

पहिली रात्र १३-१४ डिसेंबरची धरा. मिथुन राशीतून उल्का निघाल्यासारख्या दिसतात. दहानंतर पुनर्वसू वर आला की उताणं पडून राहायचं, बायनॉक्युलर नको. थंडी जबर असते. दोन स्वेटर, कानटोपी, पायमोजे, थर्मासमध्ये चहा.

सोबत हवी असेल तर महापालिकेचं यशवंतराव चव्हाण तारांगण गावातच आहे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांना शिकवते. आणि पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी उभ्या आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, मुलांना घेऊन जा.

नववी पायरी: सिंहस्थाचा गुरू

ही पायरी फक्त नाशिककरांसाठी. गुरू सूर्याभोवती एक फेरी ११.८६ वर्षांत करतो, म्हणून साधारण बारा वर्षांनी तो पुन्हा सिंह राशीत येतो आणि आपल्याकडे सिंहस्थ भरतो. २००३, २०१५, आणि आता २०२७. पण ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये रामकुंडावर गर्दी असेल तेव्हा गुरू दिसणार नाही. सूर्यही तेव्हा सिंहेत असतो आणि गुरू त्याच्या प्रभेत बुडालेला. मृगाची जी गोष्ट तीच इथे.

म्हणून आधीच कामाला लागा. डिसेंबर २०२६ च्या मध्यावर मध्यरात्रीनंतर पूर्वेला गुरू आणि मघा शेजारी शेजारी दिसतील, मध्ये तीन करंगळ्यांचं अंतर. वहीत लिहा. दर पंधरा दिवसांनी पुन्हा हात ताठ करून मोजा. १० फेब्रुवारीच्या आसपास गुरू रात्रभर आकाशात असेल, नऊ वाजता पूर्वेला दीड वीत वर, आणि मघा त्याच्या खाली एका मुठीपेक्षा थोडी कमी अंतरावर. एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेआठला तो थेट डोक्यावर येईल आणि अंतर मुठीहून जास्त झालेलं असेल. कॅलेंडरात या चार महिन्यांना 'गुरू वक्री', म्हणजे ताऱ्यांमधून उलटा सरकताना दिसणारा, असं छापलेलं सापडेल. एप्रिलनंतर तो थबकून पुन्हा मघाकडे निघतो. तेव्हापासून दर आठवड्याला मोजा, जूनमधला पहिला ढग येईपर्यंत.